हॅरिस शील्डचा एक हंगाम

दिवाळी सरून मावळांतील भातकापणी आटोपली म्हणजे औंढ्यासारख्या गांवाचें रूप पालटतें. लोणावळ्याच्या पावसानें चार महिने चिखलानें भरलेलीं खाचरें वाळून टणक होतात, झोडलेलें भात घरांत जाऊन पडतें, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेंत शाळकरी मुलांचा खेळ सुरू होतो. कोणी तीन काठ्या रोवतो, कोणी फळीची बॅट पैदा करितो, आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत सामना चालतो. घाटाखालीं मुंबईंतहि क्रिकेटच्या मुख्य हंगामाचा काळ हाच. बोरघाट उतरलेली आगगाडी जेथें जाऊन थांबते त्या स्थानकापासून थोड्याच अंतरावर आझाद मैदान नांवाचें विस्तीर्ण पटांगण आहे. शाळाशाळांमधील जे सामने मुंबईच्या मैदानांवर होतात त्यांत हॅरिस शील्डची स्पर्धा फार जुनी व फार मानाची समजली जाते. प्रस्तुत भाषणाचा विषय त्या स्पर्धेचा एकच हंगाम आहे. तो म्हणजे १९८७-८८ चा.

त्या हंगामांतील एका जोडीनें केलेल्या धांवांची कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या धांवांच्या आजूबाजूस आणखीहि मुलें उभीं होतीं, आणि त्यांच्याकडे सहसा कोणाची दृष्टि वळत नाहीं. शाळेच्या सामन्यांपासून मुलाच्या पदरांत नक्की काय पडतें, या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत जितकें सांपडतें, त्याहून अधिक त्या मुलांच्या चरित्रांत सांपडतें. म्हणून श्रोत्यांनीं आंकडे ऐकावे, पण त्यांपाशींच थांबूं नये.

प्रथम या ढालीविषयीं दोन शब्द. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या क्रिकेटसंघाचें कर्णधारपद भूषवून आलेला हा गृहस्थ खेळाचा निस्सीम भक्त होता. परंतु त्यांची कारकीर्द लोकांच्या पसंतीस उतरली, असें म्हणवत नाहीं. १८९३ सालीं मुंबईंत भयंकर दंगा उसळला, तेव्हां ते पुण्यास होते, आणि राजधानींत परतण्यास त्यांनीं विलंब लावला म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. मैदानावर गोऱ्या साहेबांचा पोलो चालावा कीं देशी तरुणांचें क्रिकेट, या वादांतहि देशी खेळाडूंना त्यांच्याकडून न्याय मिळाला नाहीं. अशा गव्हर्नराच्या नांवाची ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या शाळांपुढें आली, आणि पुढें घडलें तें मोठें नवलाचें. गव्हर्नर गेले, त्यांचें राज्यहि गेलें. पण गिरगांवांतल्या, दादरमधल्या, माहीम-वांद्र्याच्या मुलांनीं ती ढाल सोडली नाहीं. थोरल्या मुलांसाठीं हॅरिस शील्ड आणि धाकट्यांसाठीं जाइल्स शील्ड, अशा दोन पायऱ्या चढून मुंबईचें क्रिकेट वर आलें. सुनील गावस्कर हे सेंट झेवियर्स शाळेचे विद्यार्थी, तर दिलीप वेंगसरकर हे दादरच्या किंग जॉर्ज शाळेचे. ज्यांचीं नांवें पुढें जगभर झालीं, त्यांच्या अंगावर प्रथम शाळेच्या संघाचे पांढरे कपडे चढले होते.

शाळेच्या नांवासाठीं झुंजणें ही कांहीं मुंबईचीच मिरास नव्हे. दूर आयर्लंड देशांत हर्लिंग नांवाचा प्राचीन खेळ आहे. टोंकाशीं रुंद व चपटी अशी लांकडी काठी प्रत्येक गड्याच्या हातीं असते. एका बाजूस पंधरा व दुसऱ्या बाजूस पंधरा गडी असतात, आणि मुठींत मावेल एवढा कातडी चेंडू काठीनें टोलवीत प्रतिपक्षाच्या खांबांपर्यंत न्यावयाचा असतो. १८८४ सालीं थर्ल्स या गांवीं स्थापन झालेल्या संस्थेनें हा खेळ राष्ट्रीय अभिमानाचा विषय करून टाकला. तेथील मन्स्टर प्रांतांतल्या शाळा १९१८ पासून हार्टी चषकासाठीं, आणि साऱ्या देशांतल्या शाळा १९४४ पासून क्रोक चषकासाठीं लढत आल्या आहेत. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तेथें मोठेपणींहि हर्लिंग खेळणाऱ्यास खेळाचा पगार मिळत नाहीं. दिवसा शिक्षकाचें, शेतकऱ्याचें वा कारकुनाचें काम करून तो आपल्या गांवासाठीं व आपल्या परगण्यासाठीं खेळतो. शाळेचा हंगाम तेथें आयुष्यांतील एक सुंदर पर्व असतो. पोट त्यावर अवलंबून नसतें.

मुंबईंतील गोष्ट निराळी आहे. तेथें शाळेचा हंगाम हें एक दार आहे. त्या दारापलीकडे मुंबईचा रणजी संघ, त्यापलीकडे भारताचा संघ, आणि त्याबरोबर येणारी कीर्ति व पैसा. दार अरुंद आणि दाराशीं गर्दी मोठी. दुसरीकडे शाळेची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि घरचीं माणसें विचारीत असतात कीं, या खेळापायीं मुलाचें वर्ष वायां तर जाणार नाहीं ना? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर केवढें ओझें असतें, याची कल्पना आल्याखेरीज १९८८ च्या फेब्रुवारीतील सामन्याचें मर्म कळणार नाहीं.

त्या वेळीं दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ अग्रेसर होता, आणि त्याच्या पाठीशीं रमाकांत विठ्ठल आचरेकर हे गुरु उभे होते. १९३२ सालीं जन्मलेले आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले, तो १९६३-६४ सालीं स्टेट बँकेच्या संघांतून. जें त्यांना लाभलें नाहीं तें त्यांनीं शिवाजी पार्कच्या मातींत दुसऱ्यांच्या मुलांसाठीं मिळविलें. सकाळ-संध्याकाळ जाळींत सराव घ्यावा, एकाच दिवशीं एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन मुलांना सामने खेळावयास लावावें, खेळतांना दूर झाडाआड उभें राहून चुका टिपाव्या, असा त्यांचा क्रम असे. सराव लांबला आणि मुलगा थकला म्हणजे ते मधल्या यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्रिफळा उडवील त्याचें तें नाणें. आणि फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर तें त्याचें. अशीं तेरा नाणीं सचिन तेंडुलकर यांनीं पुढें सर्व मानचिन्हांहून अधिक जपून ठेविलीं.

आचरेकरांच्या शिस्तीची आणखी एक हकीकत तेंडुलकरांनीं स्वतः सांगितली आहे. गुरूंनीं सरावासाठीं एक सामना ठरवून दिला होता. परंतु शाळेचा थोरला संघ वानखेडे मैदानावर खेळत होता म्हणून हा मुलगा तिकडे टाळ्या वाजवावयास गेला. आचरेकरांना तें कळलें, आणि शिक्षा ठरलेलीच होती. दुसऱ्यासाठीं टाळ्या वाजवीत बसूं नकोस, लोकांनीं तुझा खेळ पाहण्यास यावें असें कांहीं कर, अशा अर्थाचे बोल त्यास ऐकावे लागले. वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमांत यावें हा सल्लाहि आचरेकरांचाच. मैदान जवळ पडावें म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरीं राहूं लागला. त्याचा वर्गबंधु व जोडीदार विनोद कांबळी याच्या घरची स्थिति बेताची होती. एकाच गुरूचे हे दोन शिष्य, एक उजव्या हातानें खेळणारा, दुसरा डाव्या.

आतां त्या हंगामाकडे वळूं. सचिनचा पहिला डाव नाबाद २१ धांवांचा झाला. पुढच्या डावांत १२५ धांवा झाल्यावर तो बाद झाला. त्यानंतर नाबाद २०७. एवढ्यावर उपांत्य सामना आला, आणि तो आझाद मैदानावर सेंट झेवियर्सच्या मुलांशीं पडला.

आझाद मैदान ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांना तेथील सामन्याचें चित्र डोळ्यांपुढें आणणें कठीण जाईल. या एका मैदानांत बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. दूर टोलवलेला चेंडू शोधण्यास मुलगा धांवत जातो, तो परक्यांच्या खेळांतून वाट काढीत परत येतो. प्रेक्षकांना बसण्यास जागा नाहीं. रस्त्यानें जाणारा माणूस कुंपणाशीं क्षणभर थबकतो, एवढाच प्रेक्षकवर्ग. अशा ठिकाणीं १९८८ च्या फेब्रुवारीच्या २३ व्या तारखेस शारदाश्रमानें फलंदाजी सुरू केली. दोन गडी बाद झाले तेव्हां फलकावर ८४ धांवा होत्या. तेथें सचिन आणि विनोद एकत्र आले. सचिनचें वय तेव्हां पंधरा वर्षेंहि पुरें नव्हतें. विनोदाला सोळा वर्षें पूर्ण होऊन महिना उलटला होता.

त्या दिवशीं ते बाद झाले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते पुन्हां खेळावयास उतरले, आणि बाद होण्याचें चिन्ह दिसेना. शतकें झालीं, द्विशतकें झालीं, त्रिशतकेंहि झालीं. आचरेकर त्या वेळीं मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण सीमेवर होते. धांवा आतां पुरे झाल्या, डाव सोडावा, असें त्यांच्या मनांत आलें. ते खुणा करूं लागले, हांका मारूं लागले. पण आपल्याला कांहीं ऐकूंच येत नाहीं, कांहीं दिसतच नाहीं, असें दाखवीत ही जोडी गाणीं गात, शीळ घालीत खेळत राहिली. मुलांचा खेळ मुलांच्याच वयाला शोभेल असा चालला होता.

अखेर उपाहाराची सुट्टी झाली तेव्हां आचरेकरांशीं दूरध्वनीवरून बोलणें झालें. डाव ताबडतोब सोडावा, अशी त्यांची आज्ञा झाली. कांबळीच्या त्या वेळीं ३४९ धांवा होत्या. एक धांव काढूं द्या, साडेतीनशें पुऱ्या होतील, अशी त्यानें विनवणी केली. ती मान्य झाली नाहीं. शारदाश्रमाचा डाव २ बाद ७४८ वर सोडण्यांत आला. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, आणि दोघांची अभंग भागीदारी ६६४ धांवांची. ऑस्ट्रेलियांत १९१३-१४ च्या हंगामांत दोघांनीं मिळून ६४१ धांवा केल्या होत्या. कोणत्याहि दर्जाच्या क्रिकेटमधील तो जागतिक उच्चांक चौऱ्याहत्तर वर्षें टिकला होता. तो येथें दोन शाळकरी मुलांनीं मोडला. पुढें २००६ सालीं हैदराबादेंतील दोन मुलांनीं ७२१ धांवांची भागीदारी करून हाहि उच्चांक मागें टाकला.

श्रोतेहो, या ठिकाणीं थोडें थांबून विचार करण्याजोगा प्रसंग आहे. साडेतीनशेंला एकच धांव हवी असतां डाव सोडावयास लावणें, हें त्या मुलाच्या दृष्टीनें क्रूरपणाचें होतें कीं काय? वरवर पाहतां तसें वाटेल. परंतु आचरेकरांपुढें दोन गोष्टी होत्या. पहिली, सामना जिंकावयाचा होता, आणि त्यासाठीं प्रतिपक्षाला बाद करण्यास वेळ हवा होता. दुसरी याहून महत्त्वाची. शाळेच्या संघांत खेळणाऱ्या मुलाचा डाव त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तो संघाचा असतो, आणि संघाचें काम झालें म्हणजे तो संपतो, मग फलकावर आंकडा कितीहि सुरेख जुळत आलेला असो. हा धडा वर्गांतल्या फळ्यावर लिहून शिकवितां येत नाहीं. ३४९ वर थांबलेल्या मुलाला मात्र तो जन्मभर विसरतां येत नाहीं. आणि कांबळीनें त्या आज्ञेचें उत्तर खेळानेंच दिलें. त्यानें हातीं चेंडू घेतला आणि ३७ धांवांत ६ बळी मिळविले. सेंट झेवियर्सचा डाव दीडशेंच्या आंत संपला, आणि शारदाश्रम अंतिम सामन्यांत गेला.

अंतिम सामना ब्रेबोर्न मैदानावर अंजुमन-इ-इस्लाम शाळेशीं झाला. त्यांत सचिन तेंडुलकरनें नाबाद ३४६ धांवा काढल्या. नाबाद २१, १२५, नाबाद २०७, नाबाद ३२६, नाबाद ३४६ या पांच डावांची बेरीज १०२५ होते, आणि पांच डावांत तो एकदांच बाद झालेला. गणित मांडणाऱ्यांनीं सरासरी काढली, तीहि १०२५ आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला मुंबईच्या रणजी संघांत घेण्यांत आलें आणि गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें नाबाद शतक केलें. १९८९ च्या नोव्हेंबरांत कराची येथें तो भारतातर्फे कसोटी सामना खेळला. आझाद मैदान आणि कराची यांच्यामध्यें पुरीं दोन वर्षेंहि गेलीं नव्हतीं. दार उघडलें तें असें.

परंतु दाराशीं आणखीहि मुलें होतीं. त्या उपांत्य सामन्यांत सेंट झेवियर्सकडून साईराज बहुतुले नांवाचा एक मुलगा फिरकी गोलंदाजी करीत होता. त्यानें २७ षटकें टाकलीं, १८२ धांवा दिल्या आणि त्याला एकहि बळी मिळाला नाहीं. लोकांच्या स्मरणांत जो सामना दोघांच्या पराक्रमाचा म्हणून राहिला, तो या मुलाच्या दृष्टीनें उन्हांत घालवलेल्या दीड दिवसाचा होता. प्रत्येक षटकानंतर चेंडू पुन्हां त्याच्या हातीं येई आणि त्याला पुन्हां धांव घ्यावी लागे. गोलंदाजी सोडून देण्यास एवढें कारण कोणालाहि पुरेसें झालें असतें. १९९० सालीं मोटारीच्या भयंकर अपघातांत त्याच्या पायाला जबर दुखापत झाली, तेव्हां तर खेळाचा विचारच संपला असें वाटावें. परंतु तो पुन्हां उभा राहिला. मुंबईच्या संघांतून वर्षानुवर्षें खेळला, २००१ सालीं भारतातर्फे दोन कसोटी सामने खेळला, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें त्यानें सहाशेंहून अधिक बळी मिळविले. आझाद मैदानावरील १८२ धांवा ज्यानें पोटांत घातल्या, त्याला पुढें फारसें कांहीं भिववूं शकलें नसेल.

दुसरा मुलगा शारदाश्रमाच्याच संघांतला. त्याचें नांव अमोल मुझुमदार, वय तेरा वर्षें. दुसरा गडी बाद झाला त्या क्षणापासून पुढची पाळी त्याची होती. पायाला पॅड बांधून, हातमोजे व बॅट जवळ ठेवून तो सीमेबाहेर बसला. गडी कोणत्या चेंडूवर बाद होईल तें सांगतां येत नाहीं, म्हणून पॅड सोडतां येत नाहींत. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां पॅड बांधून बसला. ६६४ धांवा त्याच्या डोळ्यांदेखत झाल्या, आणि डाव सोडला तेव्हांहि तो बसलेलाच होता. धांवफलकावर त्याच्या नांवापुढें कांहींच नाहीं. तो खेळलाच नाहीं, एवढीच नोंद.

हें बसणें पुढें त्याच्या आयुष्याचें रूपकच होऊन बसलें, असें लोक म्हणूं लागले. १९९३-९४ च्या हंगामांत मुंबईकडून रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यांत हरयाणाविरुद्ध त्यांनीं २६० धांवा केल्या. पदार्पणांतील तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता, आणि कितीतरी वर्षें तो टिकला. प्रथम दर्जाच्या १७१ सामन्यांत त्यांनीं अकरा हजारांहून अधिक धांवा आणि ३० शतकें केलीं. २००६-०७ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. परंतु भारताच्या संघांत त्यांना एकदांहि स्थान मिळालें नाहीं. ज्या काळांत त्यांचा खेळ भरांत होता त्याच काळांत भारताच्या मधल्या फळींत तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण पाय रोवून उभे होते. पॅड बांधून बसलेल्या मुलाची पाळी आलीच नाहीं.

आणि तरीहि ही कथा येथें संपत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर त्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव करून महिलांचा विश्वचषक प्रथमच भारतांत आणला. स्पर्धेच्या मध्यास तोच संघ लागोपाठ तीन सामने हरला होता. हरलेल्या मुलींना धीर देणें, ज्यांची पाळी आलेली नाहीं त्यांना तयार ठेवणें, हें काम ज्याला साधावयाचें, त्याला वाट पाहणें म्हणजे काय हें ठाऊक असावें लागतें. हें ज्ञान ज्यानें तेराव्या वर्षीं आझाद मैदानाच्या कडेला बसून मिळविलें, त्याच्याइतका योग्य माणूस कोठें शोधावयाचा?

त्या दोघां विक्रमवीरांच्या वाटाहि पुढें निराळ्या झाल्या. तेंडुलकर २०१३ च्या नोव्हेंबरांत वानखेडे मैदानावर आपला दोनशेंवा कसोटी सामना खेळून निवृत्त झाले; तोंवर त्यांच्या नांवावर आंतरराष्ट्रीय सामन्यांतील शंभर शतकें जमलीं होतीं. कांबळी यांनीं १९९३ सालीं लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत इंग्लंडविरुद्ध २२४ व झिंबाब्वेविरुद्ध २२७ धांवा केल्या. सतरा कसोटींत चोपन्नाहून अधिक सरासरी राखूनहि, वयाच्या तेविसाव्या वर्षीं त्यांचा शेवटचा कसोटी सामना होऊन गेला. एकाच दिवशीं, एकाच खेळपट्टीवर, एकाच गुरूच्या नजरेखालीं वाढलेल्या दोघांचें दैव एकसारखें नसतें. पंधराव्या वर्षींच्या आंकड्यांवरून पुढचें आयुष्य वाचूं पाहणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

ही सूचना आज अधिक आवश्यक आहे. त्या हंगामानंतर शाळकरी सामन्यांत मोठमोठ्या आंकड्यांची जणूं चढाओढ लागली. हॅरिस शील्डमध्यें २००९ सालीं सर्फराज खाननें ४३९ धांवा केल्या; २०१३ सालीं पृथ्वी शॉनें ५४६ केल्या. दोघेहि पुढें भारतातर्फे खेळले, आणि त्यांच्या गुणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु प्रत्येक अशा डावाच्या दुसऱ्या बाजूस अकरा मुलें दिवसभर चेंडूमागें धांवत असतात, हें वर्तमानपत्राच्या मथळ्यांत येत नाहीं. दुबळ्या शाळेला बलाढ्य शाळेसमोर उभें करून दोन दिवस उन्हांत तिष्ठत ठेवण्यांत शिक्षणाचा हेतु कितपत साधतो, हा प्रश्न शिक्षकांनीं व स्पर्धा भरविणाऱ्यांनीं स्वतःला विचारला पाहिजे. कोणता डाव कोठें सोडावा हें ठरविणारा आचरेकरांसारखा शिक्षक प्रत्येक संघापाशीं असेल, तरच मोठ्या आंकड्यांना अर्थ आहे. आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजीं निवर्तले. द्रोणाचार्य पुरस्कार व पद्मश्री हे मान त्यांना मिळाले. पण ३४९ वर डाव सोडावयास लावण्याचें धैर्य, हा त्यांचा खरा वारसा होय.

मावळांतील शाळांना हॅरिस शील्ड खेळावयाची नाहीं. ती मुंबईच्या शाळांची स्पर्धा. परंतु शालेय स्पर्धांचा हंगाम येथेंहि दरवर्षीं येतो. कबड्डीचे, खो-खोचे संघ प्रथम तालुक्याला खेळतात. जिंकले तर जिल्ह्याला, तेथून विभागाला आणि मग राज्याला. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांच्या आंतील मुलामुलींसाठीं ही शिडी मांडलेली आहे. शिडी म्हटली कीं खालच्या पायरीवर गर्दी आणि वरच्या पायरीवर मोजकींच माणसें, हें ओघानेंच आलें. बहुतेक संघ तालुक्यालाच हरून संध्याकाळच्या गाडीनें घरीं परततात. त्यांत पाळी न आलेलीं राखीव मुलें असतात. एका चुकीनें सामना गेला म्हणून मान खालीं घालून बसलेली एखादी मुलगी असते. अशा वेळीं घरच्या व शाळेच्या वडीलधाऱ्यांनीं काय बोलावें, हाच शालेय खेळांतील कळीचा प्रश्न आहे.

भाताचें रोप लावणारा शेतकरी पेरणीच्या दिवशींच पिकाची किंमत करीत नाहीं. लावणी, बेणणी, पाऊस, उघाड, सारें पाहून मग तो बोलतो. मुलांच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि एका सामन्यावरून निकाल देऊन मोकळीं होतात. १९८८ च्या त्या हंगामाचा निकाल तरी केव्हां लागला? ढाल शारदाश्रमानें त्याच वर्षीं घेतली. बहुतुले यांचा निकाल तेरा वर्षांनीं, २००१ सालीं लागला. मुझुमदार यांचा निकाल लागावयास सदतीस वर्षें गेलीं, आणि तो लागला तेव्हां त्यांच्या हातीं बॅटहि नव्हती. मैदानांत दुसऱ्यांच्या मुली खेळत होत्या आणि ते सीमेबाहेरच होते.

म्हणून शाळेच्या संघांत मुलगा खेळला कीं बसून राहिला, जिंकला कीं हरला, एवढेंच विचारूं नये. बोलावणें येईपर्यंत तो तयार राहिला काय, आणि पुढच्या दिवशीं पुन्हां मैदानावर गेला काय, हें विचारावें. ज्या मुलाला या दोन्ही प्रश्नांचें उत्तर होकारानें देतां येईल, त्याचा हंगाम फुकट गेला असें समजण्याचें कांहींएक कारण नाहीं.